हळूकाकांची गाडीशप्पथ

नवराबायकोने मिळून दिवसाला किती शब्द बोलायचे याचा कोटा वरून ठरवून येत असेल, तर हळूकाकांच्या घरात तो अख्खा काकूंनीच उचलला होता. काकू शिवणकाम करायच्या. मशीन आणि तोंड एकाच पायडलवर चालायचं, एक थांबलं की दुसरंही थांबायचं, आणि दोन्ही थांबलं की शेजारी विचारायला यायचे, "सगळं ठीक आहे ना?" काका आपले कोपऱ्यातल्या खुर्चीत. "हं," म्हणायचे. फारच झालं तर "हं, बरं."

काकांचं खरं नाव काय ते रेशनकार्डाला ठाऊक. बावीस वर्षं त्यांनी शाळेची व्हॅन चालवली आणि पहिल्याच वर्षी पोरांनी त्यांचं बारसं करून टाकलं. हळूकाका. एवढी हळू गाडी, की सायकलवाले पुढे निघून जायचे आणि वर वळून हात हलवायचे. पण बावीस वर्षांत एका पोराच्या गुडघ्याला खरचटलं नाही, बरं का. आया म्हणायच्या, पोर उशिरा येईल, पण अख्खं येईल.

मग शाळेने मोठ्या बसगाड्या घेतल्या आणि काका घरी बसले. सहा महिने बसले. काकूंना ते सहन होईना. गिऱ्हाइकाच्या अंगावर टेप धरून त्या म्हणायच्या, "आमच्याकडे भिंतीवर एक कॅलेंडर आहे आणि खुर्चीत एक. भिंतीवरचं निदान वाऱ्याने हलतं तरी."

अशाच एका गिऱ्हाईकबाईंनी सांगितलं की त्यांच्या संस्थेला ड्रायव्हर हवाय. ही संस्था मुलांसाठी होती. घरात नाहीतर घराजवळच्याच कुणाकडून ज्यांचा छळ होतो, अशा मुलांना बाहेर काढायचं, सुरक्षित ठेवायचं, त्यांचं म्हणणं कोर्टापर्यंत न्यायचं, असं त्यांचं काम. "बडबड्या नको," बाई म्हणाल्या, "तोंड मिटून गाडी चालवेल असा माणूस हवाय."

"तसा एक पडून आहे घरात," काकू म्हणाल्या. "घेऊन जा. पुसून देते हवं तर."

तर असे हळूकाका छपन्नाव्या वर्षी नव्या नोकरीला लागले.

संस्थेचं ऑफिस रंगाच्या दुकानावर होतं. जिना चढताना टर्पेंटाइनचा वास यायचा आणि वर गेलं की एकदम शांत. तिथे एक खोली होती, मुलांनी बोलायची. त्या खोलीत सगळ्या खुर्च्या बुटक्या, मोठी माणसं बसली की गुडघे हनुवटीला लागायचे. दाराला कडी नव्हती, आतूनही नाही आणि बाहेरूनही नाही, कारण कडीचा आवाज ऐकला की काही मुलं गार पडतात. चित्रं काढायला खडू, पेन्सिली, ढीगभर कागद. खोडरबर मात्र औषधालाही नाही. चित्रांच्या ताई, म्हणजे मुलांशी बोलणाऱ्या ताई, म्हणायच्या, "इथे काही खोडायचं नसतं."

कामाला लागायच्या आधी तीन दिवस शिकवणी झाली. काका त्या बुटक्या खुर्चीत घडी घालून बसले. संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या ताई म्हणायचे. उंचीने त्या काकांच्या खांद्याला लागायच्या, पण आवाजाने छताला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. मुलाला काही विचारायचं नाही. उगाच हात लावायचा नाही. आणि शब्द द्यायचा नाही.

"मुलं गाडीत बोलतात, काका," त्या म्हणाल्या. "गाडीत कुणी तोंडाकडे बघत नाही ना. ड्रायव्हरची फक्त पाठ दिसते. पाठीला सांगणं सोपं जातं. आता समजा, मूल म्हणालं, 'एक सांगते, पण कुणाला सांगायचं नाही हं.' तर तुम्ही काय म्हणाल?"

काकांनी बराच विचार केला. "बरं म्हणीन," म्हणाले.

सगळी खोली हसली. मोठ्या ताईही हसल्या. "तेच तर म्हणायचं नाही! म्हणायचं, 'तू जे सांगशील ते मला ताईंना सांगावं लागेल. सांगायचं की नाही ते तू ठरव.'" काकांनी ते वाक्य पाठ केलं. घरी येऊन काकूंसमोर म्हणून दाखवलं. काकू म्हणाल्या, "लग्नानंतर एका दमात बोललेलं सगळ्यात लांब वाक्य हो हे तुमचं."

आणि रोजचा एक कागद असायचा. गाडीचा कागद म्हणायचे त्याला. मूल कुठून घेतलं, कुठे सोडलं, वाटेत काय म्हणालं. मूल म्हणालं तसंच लिहायचं, आपली फोडणी द्यायची नाही, आणि घरी जाण्याआधी मोठ्या ताईंच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये टाकायचा. त्या दिवशीचा त्या दिवशी. काकांचे कागद ऑफिसात आवडीने वाचले जायचे. 'मुलगा म्हणाला, तुमच्या कानात केस आहेत. मी म्हणालो, हं.' किंवा, 'मुलगी म्हणाली, ट्रकच्या मागे लिहिलेलं वाचत बसू नका, पुढे बघा.'

ही ट्रकवाली मुलगी म्हणजे हवालदारीण. हे नाव काकांनी ठेवलं होतं आणि तिला ते पसंत होतं. नऊ वर्षांची, दोन बाजूंना दोन घट्ट वेण्या, पाय सीटवरून खाली पुरायचे नाहीत, पण गाडीत बसली की रस्ता तिच्या मालकीचा.

"काका, आरसा पुसला?"

"पुसला."

"इंडिकेटर द्या. वळण आलं."

"अजून लांब आहे गं."

"तुम्ही पोचेपर्यंत जवळ येईल. पण द्या."

तिच्या शाळेतल्या बाई तिचे हात बघून संस्थेकडे आल्या होत्या. बाहीच्या वरच्या भागात, जिथे सहसा कुणी बघत नाही, तिथे जुने-नवे वळ होते. मारणारी आई. वडील परमुलखात नोकरीला, वर्षातून एकदा यायचे आणि खेळणी देऊन जायचे. आई दातांच्या दवाखान्यात कामाला. तिथे तिचं फार कौतुक होतं. रडणाऱ्या पोरांना गोडीगुलाबीने तोंड उघडायला लावावं तर तिनेच, असं डॉक्टर म्हणायचे. आता काय म्हणावं सांगा! बाहेर साखर आणि घरात...

कोर्टाने मुलीला मावशीकडे ठेवलं. मावशी एकटी राहायची, एका खोलीत, एका पलंगावर. पण हवालदारणीला एक धाकटा भाऊ होता, तीन वर्षांचा. गोल, मऊ, सगळे त्याला ढब्बू म्हणायचे. तो आईकडेच राहिला. त्याच्या अंगावर कसलीही खूण नव्हती. आणि बहिणीने दर वेळी छातीठोकपणे सांगितलं होतं, "आई फक्त मलाच मारते. ढब्बूला नाही मारत. तो गुणी आहे."

दर मंगळवारी आणि शुक्रवारी काका हवालदारणीला शाळेतून चित्रांच्या ताईंकडे आणायचे आणि मग मावशीकडे सोडायचे. शेजारी मावशी असायचीच. मुलीला एकटं गाडीत ठेवायचं नाही असा नियमच होता.

त्या शुक्रवारी, ऑफिसला येताना, मावशी म्हणाली, "काका, जरा औषधाच्या दुकानाशी थांबा ना. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात. दोन मिनिटं." काकांनी गाडी कडेला घेतली. मावशी उतरली. दुकानात रांग होती.

नियम तिथेच मोडला, पण गोळ्या आणायला उतरलेल्या बाईला कोण अडवणार? गाडीत काका आणि हवालदारीण.

थोडा वेळ ती खिडकीच्या काचेवर बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "काका, तुम्हाला गुपित ठेवता येतं?"

आवाज हवालदारणीचा नव्हता. काकांनी आरशात बघितलं. पाठ केलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. "हे बघ बाळा, तू जे सांगशील ते मला ताईं..."

"म्हणजे नाही येत." तिने तोंड खिडकीकडे वळवलं. "जाऊ दे. कुणालाच येत नाही."

काकांनी दुकानाकडे बघितलं. मावशीच्या पुढे अजून तिघं होते. त्यांनी परत आरशात बघितलं. नुसत्या दोन वेण्या दिसत होत्या. आणि बावीस वर्षांत कुणाच्या पुढे न गेलेला माणूस त्या एका क्षणी घाई करून बसला.

"येतं," काका म्हणाले.

"शप्पथ?"

"आईश..."

"ती नको!" ती फटकन म्हणाली. "दुसरी घ्या."

"मग कुणाची घेऊ?"

तिने विचार केला. "गाडीची घ्या. गाडी तुम्हाला आवडते."

"गाडीशप्पथ," काका म्हणाले.

मग तिने सांगितलं. काकांच्या पाठीला सांगितलं, एका सुरात, पाढे म्हणावेत तसं. "ढब्बूला मारत नाही ते खोटं आहे. त्याला पण मारते. पण मी मध्ये पडायचे, म्हणून त्याला लागायचं नाही. आता मी मावशीकडे आहे. आता माझ्या वाटणीचं पण त्यालाच मिळत असेल."

काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. गाडी उभी होती तरी त्यांनी ते सोडले नाहीत. "मग... ताईंना सांग ना," कसंबसं म्हणाले.

"सांगितलं तर त्यालाही काढतील. मावशीकडे एकच पलंग आहे. तिला आम्ही दोघं नाही झेपणार. मग त्याला ओळख नसलेल्या लोकांकडे पाठवतील आणि त्याला तर झोपताना माझा कान धरायला लागतो. आणि आई एकटी राहील. एकटी राहिली की ती स्वतःचं डोकं भिंतीवर आपटते. मी पाहिलंय." मग घाईघाईने, "तुम्ही शप्पथ घेतलीय हं."

दार उघडलं. मावशी औषधाची पिशवी घेऊन आत बसली. "काय गप्पा चालल्यात?"

"काही नाही," दोघं एकदम म्हणाले.

सव्वाचार वाजले होते.

चित्रांच्या ताईंकडचा तास झाल्यावर दोघींना मावशीच्या घरी सोडून काका ऑफिसात परत आले आणि कागद घेऊन बसले. पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं. मोठ्या ताई आतल्या खोलीत फोनवर बोलत होत्या. दार उघडंच होतं, दहा पावलांवर.

काकांना नियम कळत नव्हता असं मुळीच नाही. पण त्यांच्या डोक्यात दुसराच हिशोब चालू होता. या पोरीला आईने शब्द दिला होता, आता परत हात नाही उगारणार. किती वेळा दिला होता देव जाणे. बापाने दिला होता, सुट्टीत येतो. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, नुसतं बोलू या, आणि बोलता बोलता पोरीचं घरच गेलं. या सगळ्यांच्या रांगेत आपणही जाऊन उभं राहायचं? मंगळवारी ती परत भेटेल. समजावू. ती स्वतःच्या तोंडानेच ताईंना सांगेल. मग शब्दही राहील आणि कामही होईल. तीन दिवसांचा तर प्रश्न.

त्यांनी लिहिलं, 'मुलगी शांत होती. काही विशेष नाही.' कागद ट्रेमध्ये टाकला आणि घरी गेले.

शनिवारी काकूंनी ओळखलं. बोलणाऱ्या माणसाचं बिनसलं तर कुणालाही कळतं, मुक्या माणसाचं बिनसलेलं कळायला तीस वर्षांचा संसार लागतो. त्यांनी मशीन थांबवलं. "अहो, काय झालंय?"

"काही नाही."

"चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. मुद्दाम. पिऊन टाकलात."

काका ओशाळले. मग म्हणाले, "अगं, लहान मुलाला दिलेला शब्द मोडावा का गं?"

काकूंना काय माहीत कशाबद्दल आहे! संस्थेतलं घरी बोलायचं नाही हा नियम काकांनी कधी मोडला नव्हता, तो त्यांच्या स्वभावातच बसायचा. काकूंना वाटलं, कुणाला चेंडूबिंडू कबूल केला असेल. दोरा दातांनी तोडत त्या ठणकावून म्हणाल्या, "मुळीच नाही. मोठ्यांना दिलेला मोडला तर मोठी माणसं भांडून मोकळी होतात. लहान मूल ते जन्मभर धरून बसतं."

काकांना बरं वाटलं. तेवढ्यापुरतं.

रविवारी मात्र त्यांचे पाय आपसूक त्या आईच्या गल्लीकडे वळले. पहिल्या दिवशी मुलीचं सामान त्यांनीच तिथून आणलं होतं, घर माहीत होतं. समोरच्या फळवाल्याकडे उगाच पपई दाबत उभे राहिले. पंधरा मिनिटांनी आई आली. ढब्बू तिच्या खांद्यावर, हातात फुगा. फुगा आईच्या तोंडावर आपटत होता आणि ढब्बू खिदळत होता. तिने त्याला खाली उतरवलं, आपल्या ओढणीने त्याचं नाक पुसलं, नाकाचा मुका घेतला आणि कुलूप उघडून दोघं आत गेले.

"घ्यायची का पपई, की नुसतीच मालिश करताय?" फळवाला म्हणाला. काकांनी पपई घेतली. येताना त्यांचं मन हलकं झालं होतं. बघा, पोरगं कसं हसत होतं. उगाच जीव घाबरा केला आपण. पोरीने वाढवून सांगितलं असेल. नऊ वर्षांची तर आहे.

मंगळवारी दुपारी काका मुलीला आणायला निघाले, तर चित्रांच्या ताई जिन्यातून धावत खाली आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. "शाळेत नको, काका. हॉस्पिटलात चला."

सोमवारी संध्याकाळी ढब्बू जेवत नव्हता. घास आणला की तोंड घट्ट मिटून घ्यायचा. शंभर पोरांची तोंडं उघडणारी त्याची आई, आणि तिच्यापुढे त्याचं एवढंसं तोंड उघडेना. तिने त्याच्या डाव्या कानावर थप्पड मारली. एकच, पण कशी, ते तिचं तिला माहीत. पोरगं बेसिनच्या कडेवर आपटलं. कानामागच्या हाडाला चीर पडली.

तिने स्वतःच त्याला उचललं आणि अनवाणी धावत हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांना म्हणाली, स्टुलावरून पडला. सकाळपर्यंत तेच म्हणत राहिली. मग व्हरांड्यातल्या बाकावर बसून, कुणी विचारलेलं नसताना, समोर फरशी पुसणाऱ्या बाईला म्हणाली, "पडला नाही. मी केलं." फरशी पुसणाऱ्या बाईने फडकं खाली ठेवलं आणि नर्सला बोलावलं.

पोरगं वाचलं. हाड भरून येणार होतं. डावा कान गेला तो गेला.

काका व्हरांड्यात उभे राहिले. आत गेले नाहीत. काचेतून एक छोटं पांढरं बँडेज आणि गोल पाय दिसत होते, तेवढं बघितलं.

बुधवारी सकाळी सगळे त्या बुटक्या खुर्च्यांवर बसले. मोठ्या ताईंनी त्या घराची पूर्ण फाईल काढली होती. कुठे काही सुटलं का, ते बघायचं होतं. चित्रांच्या ताई रडत होत्या. "माझ्याच लक्षात यायला हवं होतं. तीन चित्रांत तिने ढब्बूला स्वतःच्या मागे काढलंय. दिसतच नव्हता तो, नुसते पाय. मला वाटलं, जागा पुरली नसेल."

मोठ्या ताई गाडीचे कागद वाचत होत्या. एकेक उलटत शेवटच्यापाशी आल्या. "शुक्रवार. मुलगी शांत होती. काही विशेष नाही." त्यांनी कागद खाली ठेवला आणि वर बघितलं. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अहो काका, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? तुमच्यापर्यंत तर काही आलंच नव्हतं."

आता बघा. इथे नुसतं गप्प बसायचं होतं. आयुष्यभर जे केलं तेच करायचं होतं. पोरीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पोरीला कुणी विचारणार नव्हतं. कागद साफ होता, कागदावर त्यांचीच सही होती.

"आलं होतं," काका म्हणाले.

मग सगळं सांगितलं. औषधाचं दुकान, रांग, शप्पथ. कुणाची घेतली तेही सांगितलं. खाली रंगाच्या दुकानात डबे हलवायचं मशीन घुरघुरत होतं, ते मध्येच थांबलं.

मोठ्या ताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "शुक्रवारी किती वाजता?"

"सव्वाचार."

"शुक्रवारी आम्ही साडेसहापर्यंत इथे होतो, काका."

बस, एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. काका लिहायला बसले. वरची तारीख घालताना थांबले. मोठ्या ताई म्हणाल्या, "आजचीच घाला." काकांनी आजची घातली. मुलगी म्हणाली तसंच, तिच्याच शब्दांत, माझ्या वाटणीचं पण त्यालाच मिळत असेल, इथपर्यंत. अक्षर इतकं वाकडंतिकडं आलं, की मोठ्या ताईंना कोर्टासाठी ते परत टाइप करून घ्यावं लागलं. पण कामाला आलं ते. आईकडे दोन्ही मुलांपैकी कुणालाही सध्या पाठवायचं नाही, असं ठरायला त्याचा उपयोग झाला. पाच दिवस आधी आलं असतं तर किती झाला असता, ते कुणी मोठ्याने बोललं नाही.

गाडीची किल्ली काकांनी स्वतःच टेबलावर ठेवली. मुलांबरोबरचं काम आता त्यांना देता येणार नव्हतं. नव्या ड्रायव्हरांच्या शिकवणीत तेव्हापासून एक वाक्य वाढलं, सोबतच्या माणसाने वाटेत कशासाठीही उतरायचं नाही, गोळ्यांसाठीसुद्धा नाही.

घरी येऊन काकांनी काकूंना सांगितलं. नियम होता न बोलण्याचा, पण आता ते संस्थेचे नव्हते. काकूंनी ऐकून घेतलं. त्या दिवशी मशीनही बंद आणि तोंडही. शेजारीण डोकावून गेली, सगळं ठीक आहे ना. अंधार पडताना काकू म्हणाल्या, "मीच म्हणाले ना हो तुम्हाला. मुळीच मोडू नका म्हणून."

"तुला काय माहीत होतं."

"दोरा तोडता तोडता म्हणाले," काकू म्हणाल्या. "मान वर करून बघितलं पण नाही."

तीन आठवड्यांनी चित्रांच्या ताईंचा फोन आला. हवालदारीण काकांना भेटायचं म्हणते. या, पण मी खोलीत असेन.

काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बुटक्या खुर्चीत बसले, गुडघे वर. ती समोर. चित्रांच्या ताई कोपऱ्यात, खाली बघत. मुलगी कागदावर काहीतरी रंगवत होती आणि रंगवतच बोलली.

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"नाही."

"शुक्रवारी पण नाही? शनिवारी पण नाही?"

"नाही, बाळा. तू शप्पथ घातली होतीस."

तिने खडू ठेवला. पहिल्यांदाच तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आरशातून नाही, समोरासमोर.

"मी लहान आहे," ती म्हणाली. "मला कसं कळणार काय करायचं ते? तुम्ही मोठे होतात ना."

ती रागावलेली नव्हती, खरंच विचारत होती.

"मी म्हटलं होतं सांगू नका," ती म्हणाली, "पण मला वाटलं होतं तुम्ही सांगाल. मी गाडीतून उतरल्यावर वाटच बघत होते. शनिवारी पण बघत होते. मला वाटलं, आता येतील सगळे आणि ढब्बूला आणतील आणि मी म्हणेन, मी नाही सांगितलं."

मग तिने परत खडू घेतला आणि रंगवत राहिली. ताईंनी मान हलवली तेव्हा काका उठले. माफी मागायची राहून गेली. मागून काय झालं असतं म्हणा, पण राहून गेली.

आता काका पाण्याचे जार पोचवणारा टेम्पो चालवतात. जार ओरडत नाहीत आणि काही सांगत नाहीत. मावशीच्या खोलीत संस्थेने दुसरा पलंग घालून दिला, आधीच्याला लावून. दोन्ही पोरं तिच्याकडे आहेत. आई डॉक्टरांकडे जाते आणि महिन्यातून एकदा, ताईंच्या समोर, तासभर मुलांना भेटते. म्हणतात की ती येते तेव्हा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते.

काकूंचं मशीन परत चालू झालं, तोंडही. नवऱ्याला टोमणे मारायचंही त्यांनी नेटाने परत चालू केलं, कारण घरात कुणीतरी तरी पहिल्यासारखं राहायला हवं. पण कुठलंही पोर त्यांच्याकडे फ्रॉकचं माप द्यायला आलं आणि काही सांगायला लागलं, की त्या आता टेप बाजूला ठेवतात आणि मान वर करून बघतात.

परवा दुपारी काकांना जार घेऊन एका अरुंद गल्लीत जायचं होतं. पुढे दोन मुलं रस्त्याच्या मधोमध चालली होती, दप्तरं पाठीला, हातात हात. वाटेत कुणीही असतं तरी दाबला असता, तसा त्यांनी हॉर्न हलकेच दाबला.

मुलगी लगेच वळली. हवालदारीणच होती, वेण्या आता कापलेल्या. काकांना तिने ओळखलं. हसली नाही, तोंडही फिरवलं नाही.

ढब्बूलाही हॉर्न ऐकू आला होता. त्याने मान वळवली आणि हॉर्न कुठे वाजला ते शोधत भलत्याच बाजूला, नुसत्या भिंतीकडे बघत राहिला. एका कानाला आवाज कुठून आला ते कळत नाही. बहिणीने त्याची हनुवटी धरली आणि चेहरा हळूच टेम्पोकडे वळवला, सवयीने, रोज वीस वेळा करत असल्यासारखं. मग त्याला ओढून कडेला घेतलं.

ढब्बूने टेम्पो बघितला, जार बघितले, काकांना बघितलं. आणि पोरं कुठल्याही टेम्पोवाल्याकडे बघून हसतात, तसा तो काकांकडे बघून हसला.